उघड्या टपाची थरथर : जुन्या कन्व्हर्टिबल मोटारींची दृढता आणि प्रवासाचे सुख

टप मागे सारून मोकळ्या आकाशाखाली मोटार हाकण्याचे आकर्षण मोटारीइतकेच जुने आहे. आरंभीच्या बहुतेक मोटारी उघड्याच होत्या. पोलादी छप्पर नंतर आले. मात्र १९५० ते १९९० या काळातील एखादी कन्व्हर्टिबल ज्यांच्याकडे आहे, त्यांना एका तक्रारीची चांगलीच ओळख असते. रस्ता जरा उखडलेला लागला, की पुढची काच थरथरते, आतल्या आरशातील दृश्य धूसर होते, दारे करकरतात आणि स्टिअरिंगचे चाक हातात कापू लागते. इंग्रजी मोटारविश्वात या प्रकाराला ‘स्कटल शेक’ असे नाव आहे. इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या आडव्या भिंतीचा, पुढच्या काचेखालचा जो भाग, तो स्कटल.

या थरथरीविषयी दोन समज रूढ आहेत. पहिला असा, की सांगाडा थोडा लवचिक असलेलाच बरा. तो वाकतो म्हणून रस्त्याचे धक्के पाठीपर्यंत पोहोचत नाहीत. दुसरा समज याच्या उलट टोकाचा आहे. गाडी सैल वाटते, तेव्हा अधिक कडक स्प्रिंग आणि कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले की ती घट्ट होईल, असे तो सांगतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींपायी मालकांचा पैसा व मोटारीचे सुख वाया जाते. सांगाडा जितका दृढ, तितके सस्पेन्शन मऊ ठेवता येते, आणि मऊ सस्पेन्शनमधूनच प्रवासाचे सुख लाभते, हा मोटार-अभियांत्रिकीतील जुना सिद्धान्त आहे. कन्व्हर्टिबलच्या बाबतीत तो विशेष प्रकर्षाने लागू पडतो. अर्थात, ही दृढता कोठे आणि किती वाढवावी, यालाही मर्यादा आहेत.

छप्पर गेले की काय जाते?

पेढ्यांचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका झाकण चिकटपट्टीने पक्के बंद करून दोन्ही हातांनी पिळून पाहावा. तो सहजासहजी वळत नाही. तोच खोका झाकण काढून पिळला तर लगेच वेडावाकडा होतो. पुठ्ठा तोच, तळ आणि बाजूही त्याच. फक्त बंद आकृती उघडी झाली. मोटारीचे छप्पर कापले की नेमके हेच घडते. छप्पर, त्याला धरणारे खांब, पुढची-मागची भिंत आणि तळ मिळून जी बंद पेटी बनते, तिची एक बाजूच नाहीशी होते. उरलेला सर्व भार तळाच्या पत्र्यावर, गिअरबॉक्सवरच्या बोगद्यावर आणि दारांखालून जाणाऱ्या दोन लांब पोकळ तुळयांवर पडतो. या तुळयांना ‘सिल’ म्हणतात. कन्व्हर्टिबलचा कणा तोच.

पिळाला होणारा हा विरोध ‘न्यूटन-मीटर प्रति अंश’ या एककात मोजतात. मोटारीचे पुढचे आणि मागचे टोक एकमेकांच्या तुलनेत एका अंशाने वळवण्यासाठी किती पीळ द्यावा लागतो, हे तो आकडा सांगतो. जुन्या उघड्या मोटारींमध्ये तो काही हजारांच्या घरात असे. आजच्या बंद मोटारींमध्ये २०,००० च्या पुढे जाणे नित्याचे झाले आहे. या फरकाचा अर्थ एका साध्या हिशेबाने कळतो. एका बाजूचे चाक खड्ड्यात गेल्यामुळे सांगाड्यावर ६०० न्यूटन-मीटरचा पीळ आला, असे धरू. दृढता ३,००० न्यूटन-मीटर प्रति अंश असेल, तर मोटारीची दोन टोके ०.२ अंशाने वळतील. १.२ मीटर रुंदीवर हा फरक सुमारे ४ मिलिमीटरचा होतो. दृढता १५,००० असेल, तर तोच फरक १ मिलिमीटरहूनही कमी राहतो. दाराची फट, काचेची चौकट आणि टपाची कडी यांच्या दृष्टीने ४ मिलिमीटर पुष्कळच झाले. करकर येते ती तेथूनच.

पाचवी स्प्रिंग

सांगाडा वाकला तर धक्का कमी व्हायला हवा, हे म्हणणे वरवर तर्कशुद्ध वाटते. वाकणारा सांगाडा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. पण चार चाकांवरच्या चार स्प्रिंगांत आणि या पाचव्या स्प्रिंगेत एक महत्त्वाचा भेद आहे. चाकावरच्या प्रत्येक स्प्रिंगेसोबत शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो. चाक आणि सांगाडा यांच्यातील अंतर कमी-जास्त होते तेव्हा त्यातील तेल अरुंद छिद्रांतून ढकलले जाते, हालचालीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते आणि हेलकावे शमतात. सांगाड्याच्या पिळाला मात्र असा कोणताही लगाम नसतो. पोलाद आपल्या अंगी फारच थोडी ऊर्जा जिरवते. साठवलेली जवळजवळ सगळी ते परत देते. म्हणून एकाच खड्ड्यानंतर सांगाडा अनेकदा मागे-पुढे पिळत राहतो. शिवाय सांगाडा जितका वाकतो, तितकी शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वाट्याची हालचाल कमी होते. जे काम त्याने करायचे, त्याची संधीच त्याला मिळत नाही.

दुसरा मुद्दा वारंवारतेचा आहे. स्प्रिंगांवर मोटारीचे संपूर्ण अंग वर-खाली डोलते ते साधारण १ ते १.५ हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला एक-दीड वेळा. ही गती शरीराला सुखावह वाटते, कारण ती चालण्याच्या लयीच्या आसपास आहे. चाक आणि त्याचा आस टायरच्या लवचिकतेवर उड्या मारतात ते साधारण १० ते १५ हर्ट्झने. बंद मोटारीच्या सांगाड्याची पिळाची स्वाभाविक वारंवारता यापेक्षा बरीच वर, २० हर्ट्झच्या पुढे असते. छप्पर काढले की ती १२ ते १८ हर्ट्झपर्यंत खाली येते आणि चाकाच्या उड्यांच्या पट्ट्याला भिडते. दोन वारंवारता जुळल्या की अनुस्पंदन होते. झोक्याला नेमक्या वेळी दिलेला हलका धक्काही तो उंच नेतो, तसेच हे. लहानसा खडबडीतपणा मोठ्या थरथरीत बदलतो.

यात वेगाचाही हात असतो. १४ इंची चाकाचा टायरसह परीघ सुमारे १.९ मीटर भरतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला असे चाक सेकंदाला जवळपास १२ फेरे घेते, तर ताशी १०० किलोमीटरला १४ ते १५. म्हणजे चाकाच्या समतोलात जराशी चूक असली, तरी महामार्गावरच्या नेमक्या वेगाला ती सांगाड्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. बंद मोटारीत जी चूक कळतही नाही, ती कन्व्हर्टिबलमध्ये आरसा हलवून दाखवते.

कडक स्प्रिंगांचा उपाय का फसतो, हेही येथे स्पष्ट होते. चाक ठरावीक उंचीने वर उचलले गेले, तर स्प्रिंग जितकी कडक तितका सांगाड्यावर येणारा जोर अधिक. ज्या सांगाड्याला मुळात पीळ सोसत नाही, त्याला आणखी पीळ द्यायचा आणि तो शांत बसेल अशी अपेक्षा करायची, असा हा प्रकार आहे.

लवचिक चेसिसचा काळ

लवचिक सांगाड्याचा समज मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. १९२० च्या दशकातील मोटारींमध्ये शिडीच्या आकाराची पोलादी चेसिस असे, पुढे-मागे सलग आस असत आणि पाट्यांच्या स्प्रिंगा अतिशय कडक असत. त्या स्प्रिंगांची हालचाल इतकी थोडी, की खडबडीत रस्त्यावर चाके जमिनीवर टेकलेली राहण्यासाठी चेसिसनेच थोडेफार वळावे, हे गृहीत धरलेले होते. त्या काळी लवचिकता ही सस्पेन्शनच्या उणिवेची भरपाई होती.

हे गणित बदलले ते १९३० च्या दशकात. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे आलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी प्रवासाच्या सुखाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यातून मऊ पुढच्या स्प्रिंगा आणि स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन यांचा पुरस्कार झाला, आणि १९३४ पासून जनरल मोटर्सच्या मोटारींमध्ये ते दिसू लागले. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलायचे, तर त्याच्या सांध्यांना स्थिर आधार हवा. आधारच हलू लागला, तर चाकाचा कोन बदलतो आणि मोटार भरकटते. तेव्हापासून मऊ स्प्रिंग आणि दृढ चेसिस ही जोडी अविभाज्य ठरली.

इटलीत व्हिन्चेन्झो लान्चिया यांनी ही दिशा त्याआधीच ओळखली होती. १९२२ मध्ये सादर झालेल्या त्यांच्या लाम्ब्डा या मोटारीत वेगळी चेसिसच नव्हती. जहाजाच्या कवचाप्रमाणे तिच्या खोल बाजू, मधला बोगदा आणि आसनांच्या पाठीमागच्या भिंती मिळून भार पेलणारा एकसंध सांगाडा बनला होता, आणि पुढची चाके स्वतंत्र होती. विशेष म्हणजे ही मोटार उघडी होती. छपराविनाही दृढता मिळवता येते, मात्र त्यासाठी बाजू खोल हव्यात, हा धडा तिने दिला.

या धड्याची दुसरी बाजू मर्सिडीझ-बेंझच्या ३०० एसएल या मोटारीत दिसते. १९५४ च्या बंद आवृत्तीत नळ्यांच्या सांगाड्याच्या बाजू इतक्या उंच होत्या, की नेहमीची दारे बसणे शक्यच नव्हते; म्हणून पंखांसारखी वर उघडणारी दारे आली. १९५७ मध्ये उघडी आवृत्ती काढताना साधी दारे बसावीत यासाठी बाजूच्या नळ्या खाली घ्याव्या लागल्या, आणि गेलेली दृढता परत मिळवण्यासाठी सांगाड्यात इतरत्र बदल करावे लागले. चढण्या-उतरण्याची सोय आणि दृढता यांतली ही ओढाताण प्रत्येक कन्व्हर्टिबलच्या वाट्याला आलेली आहे.

भारतीय वाचकांना परिचित असलेले उदाहरण ट्रायम्फ हेरल्डचे. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये आलेली ही मोटार १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने तयार होऊ लागली. तिची चेसिस स्वतंत्र होती आणि छप्पर बोल्टने बसवलेले असे. त्यामुळे त्याच पायावर ब्रिटनमध्ये कन्व्हर्टिबल काढणे सोपे गेले. पण सोपे म्हणजे दृढ नव्हे. स्वतंत्र चेसिसमुळे छप्पर काढून मोटार कोसळत नाही, एवढेच. पीळ आवरायला खोल आणि बंद आकृती लागतेच.

१९६२ ची दोन उत्तरे

१९६२ मध्ये ब्रिटनमध्ये दोन उघड्या मोटारी आल्या. आकाराने जवळपास सारख्या, पण प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत पूर्णतः भिन्न.

पहिली एमजीबी. अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्यात सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली ती घडली. तिच्या आधीच्या एमजीएला स्वतंत्र चेसिस होती. एमजीबीने ती सोडून पत्र्याचा एकसंध सांगाडा स्वीकारला. महत्त्वाची गोष्ट अशी, की हा सांगाडा पहिल्यापासून उघड्या मोटारीसाठी आखला गेला. छपराची जीटी आवृत्ती तीन वर्षांनी, १९६५ मध्ये आली. छप्पर नसणार हे गृहीत धरून दाराखालचे सिल भरभक्कम करण्यात आले. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोहोंमध्ये उभा पडदा अशी त्यांची रचना असून त्यातून शेजारी-शेजारी पोकळ बंद कप्पे तयार होतात. गिअरबॉक्सवरचा बोगदा आणि तळाखालच्या आडव्या तुळया त्यांना साथ देतात. मागे सलग आस आणि पाटे, अशी तिची साधी रचना असूनही एमजीबी त्या काळच्या मानाने घट्ट मोटार म्हणून ओळखली गेली. १९८० पर्यंत, उघड्या व बंद मिळून, तिच्या ५ लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या.

दुसरी लोटस एलान. तिचे बाह्यांग काचतंतूंच्या प्लॅस्टिकचे होते. त्यावर सगळा भार टाकण्याऐवजी कॉलिन चॅपमन यांनी मोटारीच्या मधोमध पत्रा दुमडून, वेल्डिंगने बंद केलेली पोकळ पेटी ठेवली. पाठीच्या कण्यासारखी ही पेटी पुढच्या टोकाला दुभंगून इंजिनाला कवेत घेते आणि मागच्या टोकाला सस्पेन्शनचे आधार धरते. सस्पेन्शनचे जोर थेट या कण्यात उतरतात, दारे आणि काचेची चौकट त्या वाटेत येतच नाहीत. कणा दृढ असल्यामुळे चॅपमन यांना अतिशय मऊ आणि लांब पल्ल्याच्या स्प्रिंगा वापरता आल्या. सुमारे ७०० किलो वजनाची ही छोटी मोटार रस्त्याला चिकटून चालते आणि तरीही खडबडीत रस्त्यावर सौम्य वाटते, याचे कारण हेच. दृढ सांगाडा आणि मऊ सस्पेन्शन यांचे नाते समजावून सांगताना आजही एलानचा दाखला दिला जातो.

छप्पर कापलेल्या मोटारी

अधिक कठीण प्रसंग असतो तो बंद मोटारीपासून कन्व्हर्टिबल काढण्याचा. येथे सांगाड्याची मूळ आखणी छप्पर धरून झालेली असते. १९६४ मध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगच्या उघड्या आवृत्तीत सिलचा पत्रा अधिक भक्कम करून तळाखाली जादा आधार जोडण्यात आले. १९७० च्या ट्रायम्फ स्टॅगमध्ये प्रवाशांच्या डोक्यावरून जाणारी कमान आणि तिला पुढच्या काचेशी जोडणारी दांडी, असा टी आकाराचा सांगाडा कायमचा ठेवावा लागला. १९७९ च्या फोक्सवॅगन गोल्फ कॅब्रिओलेतही आसनांमागे पक्की कमान होती. गाडी उलटली तर ती प्रवाशांचे रक्षण करी आणि सांगाड्यालाही आधार देई. १९८६ पासून फिनलंडमधील उसिकाउपुंकी येथे तयार झालेल्या साब ९०० कन्व्हर्टिबलमध्ये अशी कमान टाळली गेली. त्याऐवजी काचेचे खांब आणि सिल यांना बळकटी देण्यात आली. मोटार देखणी झाली, चार माणसांना सोयीची झाली. परंतु खडबडीत रस्त्यावरची तिची थरथर तिच्या चाहत्यांनीही नाकारलेली नाही.

काही निर्मात्यांनी दृढता वाढवण्याऐवजी थरथर शोषण्याचा मार्ग धरला. १९६७ ते १९६९ च्या शेव्हरले कमारो कन्व्हर्टिबलमध्ये मोटारीच्या कोपऱ्यांत बंद डबे बसवलेले असत. प्रत्येक डब्यात तेलात बुडालेले, स्प्रिंगेवर तोललेले जड वजन. सांगाडा थरथरू लागला, की हे वजन विरुद्ध दिशेने हलून ती थरथर कमी करते. या डब्यांना ‘कॉकटेल शेकर’ असे गमतीचे नाव पडले. निरुपयोगी ओझे समजून अनेकांनी ते पुढे काढून टाकले आणि मग मोटार का कापते, याचा शोध करीत बसले.

१९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ ने १९६० च्या दशकातील ब्रिटिश उघड्या मोटारींची परंपरा नव्या तंत्राने पुढे नेली. तिच्यात गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट होती. तरीही पुढे १.८ लिटरचे इंजिन आले, तेव्हा आसनांमागे आडवी दांडी आणि तळाखाली जादा आधार देण्यात आले. निर्मात्याने स्वतः केलेली ही दुरुस्ती म्हणून ती लक्षात घेण्याजोगी आहे. चांगल्या आखणीलाही नेमक्या जागी दिलेला थोडा आधार उपकारक ठरतो.

खरा शत्रू गंज

पन्नास-साठ वर्षे वयाच्या मोटारीत दृढतेचा प्रश्न बहुधा मूळ आखणीचा नसतो. तो गंजाचा असतो. बंद नळी आणि लांबीने चिरलेली नळी यांच्यात पिळाच्या बाबतीत केवढे अंतर असते, याची कल्पना आकड्यांशिवाय येत नाही. ५० मिलिमीटर व्यासाची आणि १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची नळी घेतली, तर चिरलेल्या नळीपेक्षा अखंड नळी सुमारे १,८७५ पट दृढ असते. धातू दोन्हीत तेवढाच! प्रत्यक्ष मोटारीत सिलची दोन्ही टोके बांधलेली असतात, त्यामुळे नुकसान इतके टोकाचे होत नाही. परंतु दिशा तीच असते. सिलच्या खालच्या शिवणीत पाणी आणि चिखल साचतो, पत्रा आतून गंजतो आणि शिवण उघडते. बाहेरून चकचकीत दिसणारी मोटार आतून चिरलेल्या नळीवर उभी असते.

गंजलेल्या आतल्या भागावर नवा बाहेरचा पत्रा बसवून रंग देणे, हा जुन्या मोटारींच्या बाजारातील परिचित प्रकार आहे. अशा मोटारीत थरथर राहतेच, शिवाय अपघातात ती धोकादायक ठरते. एक साधी परीक्षा उपयोगी पडते. मोटार सपाट जागेवर उभी करून दाराच्या पुढच्या-मागच्या फटी मोजाव्यात, मग एका कोपऱ्याखाली जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचलावे आणि फटी पुन्हा मोजाव्यात. दार पूर्वीइतकेच सहज उघडत-मिटत असेल, तर कणा शाबूत आहे. दार अडकू लागले किंवा फट डोळ्यांना दिसेल इतकी बदलली, तर आधी गंज शोधावा. स्प्रिंगांना हात लावू नये. जॅकवर टेकलेल्या मोटारीखाली मात्र कोणीही जाऊ नये.

सिल बदलण्याचे कामही जोखमीचे आहे. छप्पर नसलेल्या मोटारीचे सिल कापले, की तिला मधोमध धरून ठेवणारे फारसे काही उरत नाही. म्हणून जाणकार कारागीर कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत तात्पुरत्या लोखंडी दांड्या जोडतात, मोटारीला सस्पेन्शनच्या आधारांजवळ टेकू देतात आणि एका वेळी एकच बाजू हाती घेतात. दोन्ही बाजू एकदम कापल्यास सांगाडा खाली झुकतो आणि त्याच स्थितीत नवा पत्रा जोडला गेला, तर तो बाक कायमचा राहतो. दारे मग कधीच नीट मिटत नाहीत. एमजीबीच्या मालकांना या बाबतीत सुदैवी म्हणावे लागेल. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांचा उपयोग करून तिचे संपूर्ण नवे सांगाडे तयार करण्यास प्रारंभ केला. इतर बहुतेक मोटारींना असे भाग्य लाभलेले नाही.

आधार कोठे द्यावा?

गंजाचे काम झाल्यावरही थरथर उरली, तर आधार जोडण्याचा विचार करता येतो. येथे एक तत्त्व ध्यानात ठेवावे लागते. दृढता साखळीसारखी असते. सर्वांत कमकुवत दुवा बळकट केला तरच फायदा होतो. आधीच बळकट असलेला दुवा आणखी जाड करून काही साधत नाही. इंजिनाच्या कप्प्यात दोन सस्पेन्शन मनोऱ्यांना जोडणारी दांडी बसवायला सोपी आणि दिसायला आकर्षक असते. पण ती फक्त पुढचे टोक घट्ट करते. कन्व्हर्टिबलचा अशक्तपणा बहुधा मध्यभागी, दारांच्या जागी असतो. तेथे सिल आणि बोगदा यांना जोडणारे आडवे आधार, तळाखालची फुलीच्या आकाराची चौकट किंवा आसनांमागची तिरक्या दांडीची कमान अधिक परिणामकारक ठरते. त्रिकोण वाकत नाही, चौकोन वाकतो. म्हणून तिरकी दांडी महत्त्वाची. आधाराची टोके पातळ पत्र्यावर बोल्टने टेकवली, तर तो पत्राच वाकतो आणि आधार नाममात्र राहतो.

अशा उपायाने किती फरक पडेल? सांगाड्याची स्वाभाविक वारंवारता दृढतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ती १३ हर्ट्झवरून १६ हर्ट्झवर न्यायची, तर दृढता जवळपास दीडपट करावी लागते, तीही वजन न वाढवता. हे प्रमाण मोठे आहे. एखाद्या दांडीने ते साधत नाही. पण वारंवारता चाकाच्या उड्यांच्या पट्ट्यापासून थोडी जरी दूर सरकली, तरी अनुस्पंदन उतरते आणि फरक हातांना लगेच जाणवतो. म्हणूनच नेमक्या जागी दिलेला माफक आधारही कधी कधी अपेक्षेपेक्षा अधिक समाधान देतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दृढता वाढवली, म्हणजे प्रत्येक प्रकारचा त्रास कमी होतो असे नाही. उभी कंपने माणसाला सर्वांत अधिक जाचतात ती साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तो पट्टा मुख्यतः स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टायर आणि आसन यांच्या हाती असतो. सांगाड्याची थरथर गेल्यावर आजवर तिच्याआड दडलेले दोष उघडे पडतात. झिजलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वयाने कडक झालेला टायर, आसनातला बसलेला फोम, हे सगळे जाणवू लागते. सस्पेन्शनच्या सांध्यांतील मूळ रबरी बुशांऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश घातले, तर रस्त्याचा बारीक खरखरीत आवाज थेट आत येतो. थरथर गेली आणि खरखर आली, असा हा सौदा अनेकांना नंतर महाग वाटतो.

कामाचा क्रम

या सर्व विवेचनातून कामाचा एक क्रम हाती लागतो. प्रथम चाकांचा समतोल, टायरचे वय आणि हवेचा दाब तपासावा. खर्च सर्वांत कमी आणि फायदा अनेकदा सर्वांत जास्त. दुसरे, दारांचे बिजागर, कड्या, टपाच्या खिट्ट्या आणि बाह्यांगाचे बोल्ट पाहावेत, कारण करकर पुष्कळदा तेथलीच असते. तिसरे, सिल आणि तळातील गंज शोधून मूळ आकृती अखंड करावी. चौथे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि रबरी बुश मूळ मापाचे व मूळ कडकपणाचे घालावेत. यानंतरच जादा आधाराचा विचार करावा, आणि तोही शक्यतो बोल्टने बसणारा, पुढे काढून ठेवता येईल असा. सर्वांत शेवटी स्प्रिंगांचा प्रश्न येतो, आणि सांगाडा दृढ झाला असेल तर त्या कडक करण्याचे कारण सहसा उरत नाही.

काढता येण्याजोग्या आधाराचा आग्रह केवळ सोयीपुरता नाही. जुनी मोटार ही तिच्या काळातील विचारांची साक्ष असते. एलानचा कणा, एमजीबीचे सिल, स्टॅगची कमान ही एकाच प्रश्नाची वेगवेगळ्या अभियंत्यांनी दिलेली उत्तरे आहेत. नव्या पत्र्यांचे वेल्डिंग करून ती पुसून टाकली, तर मोटार कदाचित अधिक शांत होईल, पण तिचे मूळ उत्तर पुढच्या पिढीला वाचता येणार नाही. मूळ सांगाडा त्याच्या मूळ अवस्थेत, गंजमुक्त आणि अखंड असेल, तर बहुतेक जुन्या कन्व्हर्टिबल त्यांच्या मालकांना वाटते त्यापेक्षा कितीतरी सुखद चालतात. थोडी थरथर उरेलच. छप्पर नसण्याची ती किंमत असून, ती किती असावी हे त्या मोटारी घडवणाऱ्यांनी आपापल्या परीने ठरवलेले होते. त्यात गंजाने आणि चुकीच्या दुरुस्तीने जी भर पडते, तेवढी मात्र मालकाने सोसण्याचे कारण नाही.